हाताने सुटेल इतकेच

महाविद्यालयातील माझ्या टेबलाच्या खणात एक स्क्रू आहे. लांबीला जेमतेम आठ मिलिमीटर, जाडीला तीन. त्याच्या डोक्यातला षट्कोनी खळगा झिजून गोल झाला आहे आणि आट्यांमध्ये लाल रंगाची कडक खपली अडकून बसली आहे. तपासून झालेल्या चाचणी परीक्षेचे पेपर, शाईची बाटली आणि भाषाविज्ञानाच्या टिपणांची एक जुनी वही यांच्या संगतीत तो मुळीच शोभत नाही. सहकारी अधूनमधून विचारतात, "मॅडम, हे काय जपून ठेवलंय?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. खरे उत्तर असे की माझ्या हातून झालेल्या एका चुकीची ती खूण आहे, आणि त्या चुकीची किंमत मला मोजावी लागली नाही. ती माझ्या एका विद्यार्थिनीने मोजली.

मराठी शिकवणाऱ्या बाईने बंदुकीच्या स्क्रूंविषयी लिहावे हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. मलाही वाटते. पण विषय आपण निवडतोच असे नाही; काही विषय आपल्या खणात येऊन पडतात.

तसा बंदुकीशी आमच्या हिंगोलीचा संबंध जुना आहे. जिल्हा म्हणून हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळी झाली. पण निजामाच्या काळात ही लष्करी छावणी होती. हैदराबाद कंटिंजंटच्या फौजा येथे असत. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही वस्त्यांची नावे त्या छावणीने मागे ठेवली. आज राज्य राखीव पोलीस दलाचा बारावा गट हिंगोलीत आहे. भरतीसाठी पहाटे रस्त्याने धावणारी मुले-मुली ही इथल्या सकाळची नेहमीची दृश्ये. खेळाडूंसाठी शासकीय नोकरीत पाच टक्के जागा राखीव असतात, हे आमच्या मुलांना अभ्यासक्रमातल्या कवींच्या नावांपेक्षा अधिक पाठ असते. त्यात त्यांची चूक नाही.

गोष्ट २०२२ सालची. क्रीडासंचालकाचे पद रिकामे होते. नेमबाजीच्या संघात तिघी मुलीच होत्या, तेव्हा ‘एखाद्या बाईंनीच लक्ष घालावे’ असे ठरले आणि ती बाई मी निघाले. एका जुन्या लांबट खोलीत दहा मीटरचे अंतर आखलेले, समोर लाकडी चौकटीत कागदी लक्ष्ये, आणि तिघींमध्ये मिळून एक स्प्रिंगची एअर रायफल. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकमध्ये विश्वविजेतेपद मिळवले, कोल्हापूरच्याच राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, हे मुलींना माहीत होते. कोल्हापूर आणि हिंगोली यांच्यात किती अंतर आहे हेही माहीत होते. तरीही त्या रोज येत.

मला या खेळातले काहीच कळत नव्हते. पण मुली सांगत गेल्या आणि मी शिकत गेले. नळीच्या टोकाला असते ती माशी. मागच्या बाजूला, डोळ्याजवळ, बारीक छिद्राची पीप साइट. छिद्रातून माशी दिसावी, माशीच्या कड्यात लक्ष्याचा काळा गोल बसावा, आणि मग श्वास थांबवून बोट हलावे. मागची साइट एका खाचेवर पुढे-मागे सरकते. ज्याची मान लांब त्याला ती पुढे लागते, ज्याची आखूड त्याला मागे. जागा सापडली की दोन बारीक स्क्रू आवळायचे.

हे स्क्रू किती महत्त्वाचे, ते गणितानेच समजते. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यात दहा गुणांचे केंद्र म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. तिथून बाहेर दर अडीच मिलिमीटरला एक गुण कमी होतो. माशी आणि मागची साइट यांत ८० सेंटिमीटर अंतर धरले, तर मागची साइट मिलिमीटरच्या एक दशांशाने बाजूला सरकल्यास लक्ष्यावर छर्रा सव्वा मिलिमीटर हलतो. म्हणजे अर्धा गुण. साठ छर्ऱ्यांच्या फेरीत, जिथे गुण दशांशात मोजतात, तिथे प्रत्येक छर्ऱ्यामागे अर्धा गुण म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. साइटचे सरकणे डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. दिसतो तो फक्त निकाल.

आमच्या रायफलचे हे स्क्रू सतत ढिले होत. पुढे मला कारण कळले. स्प्रिंगच्या बंदुकीत दट्ट्या पुढे झेपावतो तेव्हा बंदूक मागे जाते, आणि दट्ट्या टोकाला आदळून थांबतो तेव्हा तिला पुढे झटका बसतो. एका छर्ऱ्याला असे दोन उलटसुलट धक्के. शंभर छर्ऱ्यांनंतर स्क्रू बोटाने फिरू लागे. तिघींतली धाकटी, जिच्याविषयी मला लिहायचे आहे, ती दर वीस छर्ऱ्यांनी थांबून ॲलन कीने स्क्रू तपासत असे. स्पर्धा तीन दिवसांवर आली होती. मला ते पाहवेना.

मी संध्याकाळी मोटारसायकलींचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात गेले. स्क्रू सुटू नये म्हणून लावायचे औषध असते, एवढे ऐकून माहीत होते. दुकानदाराने अगदी योग्य प्रश्न विचारला, "किती पक्कं पाहिजे, मॅडम?" मी म्हणाले, "एकदम पक्कं. पुन्हा सुटताच कामा नये." त्याने मी मागितले तेच दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःच्या हाताने दोन्ही स्क्रूंवर ते लाल औषध लावले, तेही सढळ हाताने, आणि सगळा जोर लावून आवळले. तेव्हा साइट संघातल्या सर्वांत उंच मुलीच्या मापावर होती. धाकटी शेजारी उभी राहून पाहत होती. तिने एकदा तोंड उघडल्यासारखे केले आणि मिटले, एवढे मला आज आठवते. त्या वेळी मी माझ्या कामात होते.

पुढच्या दिवशी साइट मागे घ्यायची वेळ आली तेव्हा स्क्रू हलेना. ॲलन की फिरली, पण खळग्यातल्या खळग्यात. मी आणखी जोर लावला आणि सहाही कोपरे गेले. धाकटी उंचीने लहान. तिला साइट दोन बोटे मागे लागत असे. स्पर्धेत ती गालाची जागा सोडून, मान पुढे ताणून खेळली. साठ छर्रे अशा मानेने मारणे म्हणजे काय असते ते मी मागे खुर्चीवर बसून पाहिले. निवड होणाऱ्यांच्या यादीत शेवटचे नाव जिथे थांबले, त्याच्या खाली पहिले नाव तिचे होते. अंतर दीड गुणाचे. तिच्या वडिलांनी तिला खेळासाठी एक वर्ष दिले होते. ते वर्ष त्या दुपारी संपले. परतताना बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. मी काही बोलणार तोच म्हणाली, "असू द्या मॅडम."

मराठीत ‘असू द्या’ हे दोन शब्द किती प्रकारे बोलता येतात यावर एक तास सहज घेता येईल. त्या दिवशीचा प्रकार मी वर्गात कधी सांगितलेला नाही.

बंदूक तशीच ठेवून चालणार नव्हते. ओळखीतून एका निवृत्त सैनिकांकडे गेले. सैन्यात त्यांनी शस्त्रे दुरुस्त करणारा कारागीर, म्हणजे आर्मोरर, म्हणून नोकरी केली. आता ते विहिरीच्या मोटारी दुरुस्त करतात. सारे गाव त्यांना मामा म्हणते. त्यांनी साइट हातात घेतली, भिंग लावून स्क्रू पाहिला आणि इतकेच विचारले, "ताई, हे कुणी केलं?" मी म्हणाले, "मीच." ते हसले नाहीत. मला बरे वाटले.

आधी त्यांनी साइटचे रबर आणि आतली छिद्राची चकती काढून बाजूला ठेवली. मग सोल्डरिंगचे तापलेले टोक स्क्रूच्या डोक्यावर बराच वेळ धरले. लाल औषध अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापल्याशिवाय सैल होत नाही, आणि तेवढ्या उष्णतेत साइटला काच किंवा प्लॅस्टिक असेल तर ते खराब होते. म्हणून टोकाएवढ्याच जागेला ऊब द्यायची. एक स्क्रू तसा निघाला. दुसऱ्याच्या डोक्यात त्यांना नवी खाच पाडावी लागली. तोच माझ्या खणातला.

"ताई," स्क्रू माझ्या तळहातावर ठेवत मामा म्हणाले, "पक्कं पाहिजे का पुरेसं पाहिजे, हे आधी ठरवावं लागतंय."

त्या दुपारी त्यांनी मला जे शिकवले ते माझ्या टिपणांच्या वहीत, भाषाविज्ञानाच्या पानांमागे, लिहून ठेवले आहे. स्क्रू कशाने धरतो, तर आवळल्यामुळे किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळे आट्यांवर जे घर्षण होते त्याने. आडव्या धक्क्याने दोन भाग एकमेकांवर कणभर घसरले की ते घर्षण क्षणभर नाहीसे होते आणि स्क्रू केसभर उलटा फिरतो. (जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर याने १९६९ साली हेच प्रयोगाने दाखवून दिले, हे मी नंतर वाचले. मामांना युंकर ठाऊक नव्हता. घसरणे ठाऊक होते.) थ्रेडलॉकर म्हणजे आट्यांमधली पोकळी भरून हे घसरणे थांबवणारा द्रव. त्याच्या मुख्य जाती चार. जांभळा सर्वांत सौम्य, सहा मिलिमीटरपर्यंतच्या बारीक स्क्रूंसाठी. साध्या हत्याराने सुटतो. निळा मध्यम, त्याहून जाड बोल्टांसाठी. तोही हत्याराने सुटतो, पण तीन मिलिमीटरच्या स्क्रूला कधीकधी जड जातो. लाल कायमचा, तापवल्याशिवाय सुटत नाही. हिरवा पातळ, आधीच आवळलेल्या स्क्रूच्या फटीतून आत झिरपणारा. रंगांचा हा संकेत सगळ्या कंपन्या सारखा पाळतीलच असे नाही, शिवाय बाटली लाल म्हणून आतला द्रव लाल असेलच असेही नाही. म्हणून क्रमांक वाचावा. लॉकटाइटचा जांभळा २२२, निळा २४२ किंवा २४३, लाल २७१, हिरवा २९०.

"पण बंदुकीला तर केवढा धक्का बसतो," मी म्हणाले. "तिला सौम्य कसं पुरेल?"

"धक्का मोठा आहे, पण स्क्रू लहान आहे ना ताई. औषध स्क्रूपेक्षा ताकदीचं झालं की सोडताना औषध तुटत नाही, स्क्रू तुटतोय."

हे वाक्य मी वहीत अधोरेखित केले आहे. खऱ्या रायफलवर दुर्बीण बसवतानाही हाच नियम, असे ते म्हणाले. दुर्बिणीचा पाया बंदुकीला धरून ठेवणाऱ्या स्क्रूंना एक थेंब जांभळा, फार तर निळा. दुर्बिणीभोवतीच्या कड्यांचे स्क्रू पुष्कळदा कोरडेच ठेवतात. ते सहसा दोन न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचे असतात. नेमका आकडा बनवणाऱ्याच्या कागदावर असतो. नेम डावा-उजवा, वर-खाली करण्याच्या फिरत्या गुंड्यांना मात्र काहीही लावायचे नाही, कारण त्यांचे कामच फिरणे आहे. आधी आट्यांतले तेल पुसून काढायचे, नाहीतर औषध धरत नाही. थेंब एकच. ओल्या आट्यांवर स्क्रू अधिक सहज फिरतो, म्हणून कोरड्यापेक्षा हात हलका ठेवायचा. एरवीइतकाच जोर दिला तर त्याला जास्त ताण बसतो. दहा-वीस मिनिटांत धरल्यासारखे वाटले तरी पुरता जोर यायला २४ तास लागतात, तोवर बंदूक चालवायची नाही. प्लॅस्टिकला आणि काचेवरच्या लेपाला तो द्रव लागू द्यायचा नाही. काही प्लॅस्टिकला त्याने तडे जातात. शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या धातूपर्यंत रंगाची एक बारीक सरळ रेघ ओढायची. रेघ जुळलेली असेल तर स्क्रू जागेवर आहे, तुटलेली दिसली तर हलला आहे. "दर वीस छर्ऱ्यांनी चावी लावायची गरज नाही," मामा म्हणाले. "नुसतं बघायचं."

घरी आल्यावर मी या द्रवाचा इतिहास शोधला, कारण आमच्या जातीच्या माणसांना पश्चात्तापही वाचूनच करता येतो. तो तयार करणारा माणूस चक्क महाविद्यालयातला अध्यापक निघाला. व्हर्नन क्रीबल, अमेरिकेतल्या हार्टफर्ड येथील ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या हाती हवा मिळेनाशी झाली की घट्ट होणारा एक पदार्थ लागला होता. पण तो द्रवरूपात ठेवायचा तर त्यातून सतत हवा खेळवावी लागे, म्हणून तो बाजूला पडला. क्रीबल यांनी १९५३ साली तो साध्या बाटलीत टिकेल असा केला. लोखंडाचा किंवा तांब्याचा स्पर्श असला आणि हवा नसली की हा द्रव कडक होतो. हवा आहे तोवर तो द्रवच राहतो. म्हणून त्याची बाटली कधीही काठोकाठ भरत नाहीत; वर मुद्दाम रिकामी जागा सोडतात. एवढीशी हवा आत असल्यामुळेच तो वर्षभर वाहता राहतो.

हे वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसले होते. एखाद्या गोष्टीला हवाच मिळाली नाही तर ती घट्ट होते, हे आम्हा शिक्षकांना कुणीतरी सांगायला हवे.

आमच्या भाषेला ही गोष्ट पूर्वीपासून माहीत असावी असे मला वाटते. स्क्रू या वस्तूला मराठीत किती शब्द आहेत पाहा. जुना शब्द मळसूत्र. फारसीतून आलेला पेच. त्याचा मूळ अर्थ पीळ, वळसा. आणि कारागिरांच्या तोंडचा आटा, अनेकवचनी आटे. माणूस तऱ्हेवाईक वागला की आपण म्हणतो त्याचे आटे ढिले झालेत. पण अती पिळला गेलेला माणूस ‘पेचात’ सापडतो. ढिलेपणाला एक शब्द आणि अतिघट्टपणाला दुसरा! या दोन टोकांच्या मधल्या, नीट बसलेल्या स्थितीला मात्र आपल्याकडे वाक्प्रचार नाही. नीट बसलेल्या गोष्टीविषयी कोण कशाला बोलेल? तिच्याकडे लक्षही जात नाही.

पद्यरचनेच्या तासाला मी हल्ली हे उदाहरण देते. अक्षरगणवृत्तात लघु-गुरूचा क्रम ठरलेला असतो. एक अक्षर बदलले तर ओळ मोडते. तो लाल थेंब. तिथेही मोठी कविता झाली आहे, पण ज्याच्या हातात तेवढी ताकद आहे त्याच्याकडून. आपल्या ग्रंथकारांनी शतकानुशतके वापरली ती ओवी. पहिल्या तीन चरणांना यमकाने जोडायचे आणि चौथा आखूड, मोकळा सोडायचा. अक्षरसंख्येचाही फार जाच नाही. धरते, पण हाताने सुटते. म्हणून तिच्यात तत्त्वज्ञानही मावले आणि जात्यावरचे गाणेही. माझ्या आजोळापासून जवळच नरसी आहे, नामदेवांचे गाव म्हणून परंपरेने सांगितलेले. त्या वाटेने जाताना लहानपणी मी दळणाच्या ओव्या ऐकल्या आहेत. चौथा चरण प्रत्येक बाई आपल्या मनाने लांबवीत असे, आणि ओवी मोडत नसे.

घट्ट धरण्याची हौस कशी फसवी असते याचे एक उदाहरण मुलीच मला सांगत. २००८ साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने दहा मीटर एअर रायफलमध्ये सुवर्णपदक मिळवले; ऑलिम्पिकमधले ते भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्ण. अंतिम फेरीपूर्वी सरावाची गोळी झाडली तेव्हा ती केंद्रापासून फार दूर गेली. साइट हललेली होती. हाताशी असलेल्या थोडक्या वेळात त्याने ती पुन्हा जुळवली आणि शेवटची गोळी १०.८ गुणांची मारली. ही हकिकत त्यानेच आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. पूर्वी मी ती ‘साइट हलता कामा नये’ याचा धडा म्हणून ऐकत असे. आता मला तिची दुसरी बाजू दिसते. साइट हलली म्हणून तो संकटात आला हे खरे. पण साइट हलवता आली म्हणूनच तो वाचला. त्या दिवशी त्याच्या बंदुकीवर माझा हात फिरला असता तर?

आमच्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला अंतिम मंजुरी दिली. अमेरिकेतल्या अशा वेधशाळांत चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या टोकांना आरसे असतात, आणि त्या आरशांचे प्रोटॉनच्या आकाराहूनही कितीतरी सूक्ष्म हलणे मोजावे लागते. इतक्या नाजूक कामात आरसा किती घट्ट बसवत असतील असे मला वाटले होते. प्रत्यक्षात चाळीस किलोचा तो आरसा अर्ध्या मिलिमीटरहून बारीक काचेच्या तंतूंवर लोलकासारखा टांगलेला असतो. जमिनीचे हादरे त्याच्यापर्यंत पोचू नयेत म्हणून त्याला मोकळे सोडलेले असते. बंदुकीच्या साइटला टांगून चालणार नाही, हे उघड आहे. पण कोणत्या वस्तूला किती धरायचे हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच, आणि ‘जास्तीत जास्त’ हे उत्तर दोन्हीकडे चूकच.

धाकटीविषयी सांगायचे राहिले. त्या वर्षानंतर तिने नेमबाजी सोडली. बी.ए. पूर्ण केले. खेळाडूंच्या राखीव जागेची वाट बंद झाल्यावर ती साध्या वाटेने पोलीस भरतीची तयारी करू लागली. धावणे, गोळाफेक आणि लेखी परीक्षा. पहिल्या प्रयत्नात झाले नाही. तयारी अजून चालू आहे. पॅरिसमध्ये २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले, त्या दिवशी तिचा मला फोन आला होता. "मॅडम, बघितलं का?" एवढेच बोलली. आवाजात आनंदच होता. मला तो ऐकवला नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ती आपणहून महाविद्यालयात आली. संघात आता नव्या मुली आहेत. ती त्यांच्याबरोबर त्या लांबट खोलीत बसली आणि साइट कशी बसवायची ते दाखवू लागली. आटे पुसले, एक थेंब जांभळा लावला, आखूड ॲलन की दोन बोटांत धरून आवळली. शेवटी एका मुलीच्या पिशवीतून नखांना लावायचा रंग मागून घेतला आणि स्क्रूवरून एक बारीक रेघ ओढली. मामांची रेघ तिच्यापर्यंत कशी पोचली हे मी विचारले नाही.

मुली गेल्यावर मी तीन वर्षे न बोललेले वाक्य बोलले. म्हणाले, "तुझं वर्ष माझ्यामुळे गेलं."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही लावत होतात ना, तेव्हाच मला कळलं होतं. मला साइट मागं लागते, आता ही निघणार नाही, हे मला दिसत होतं. पण तुम्ही एवढ्या मनापासून लावत होतात... आणि तुम्हाला कसं सांगायचं?"

स्क्रूविषयी मला जे समजले होते ते सगळे त्या क्षणी अपुरे ठरले. मी समजत होते की माझी चूक औषध निवडण्यात झाली. औषधाचे काय, ते मामांच्या एका दुपारीत कळण्यासारखे होते. ज्या मुलीला उत्तर ठाऊक होते ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती, आणि तिच्या-माझ्यातला आदर इतका पक्का बसला होता की त्यातून एक वाक्य बाहेर पडायला वाव नव्हता. तो आदर वर्षानुवर्षे थेंब थेंब घालून मीच घट्ट केला होता. वर्गात प्रश्न विचारणाऱ्याकडे चष्म्यावरून पाहून, उत्तर चुकले की पुढचे नाव घेऊन, ‘मॅडमना नाही म्हणायचं नसतं’ या समजुतीचा मनातल्या मनात अभिमान बाळगून. तो मला कधी खुपला नाही, कारण तो माझ्याच मापावर बसवलेला होता.

आता शनिवारी सरावाला बसलो की साइट मुलीच बसवतात. मी फक्त शेजारी असते. आवळण्यापूर्वी मी विचारते, "कुणाला काही सांगायचंय?" पहिले काही महिने कुणीच बोलत नसे, माना हलत. मी तशीच थांबत असे. परवा संघातल्या सर्वांत लहान मुलीने पहिल्यांदा हात वर केला आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही उजेडात उभ्या आहात. मला माशी दिसत नाही."

मी बाजूला सरकले.